मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपचं वायफाय मधेच मरते

काटोल तालुक्यातल्या गावात आमचं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डेस्कटॉप जुना, विंडोज ७, ४ जीबी रॅम. वायफायसाठी मागच्या पोर्टला यूएसबी डोंगल (वायफाय पकडणारं छोटं यंत्र) लावलंय, फक्त २.४ गीगाहर्ट्झचं. राउटर बाजूच्या घरात, मधे एक विटांची भिंत.

सुरू केल्यावर बरं चालते. मग कधीही, बहुतेक मोठी पीडीएफ अपलोड होत असताना, नेट थांबते. दांड्या पूर्ण दिसतात, वर पिवळा त्रिकोण येतो. तेव्हा आयपीकॉन्फिगमध्ये (नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड) १६९.२५४ पासून सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतच नाही. हातानं आयपी टाकला तरी राउटरला पिंग (पोच तपासायचा संदेश) जात नाही. डोंगल काढून परत लावलं की गाडी रुळावर. मोबाइल मात्र त्याच टेबलावर, त्याच वायफायवर मजेत चालतो.

ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डोंगल बंद करू देणारी टिक काढली, राउटरचे चॅनल १, ६, ११ बदलून पाहिले. वायफायची सुरक्षा (पासवर्डची पद्धत) डब्ल्यूपीए२ आहे.

केबल टाका म्हणू नका, उंदरांनी दोनदा कुरतडली. विंडोजही बदलता येत नाही, जुना स्कॅनर यावरच चालते. बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचा लहान स्लॉट (आत कार्ड बसवायची खाच) रिकामा आहे, पण वायफाय कार्डावर पैसे घालायच्या आधी खात्री हवी: दोष डोंगलचा की पोर्टला कमी पडणाऱ्या पॉवरचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?