मदत हवी आहे: सगळे एमसीबी खाली, तरी आरसीसीबी ट्रिप होतो

देवगड तालुका, खाडीजवळचं जांभ्याचं घर. पडवीतल्या डीबीत (वीज वाटणारी पेटी) 40 अँपिअरचा डीपी (डबल पोल, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन स्विच, त्यानंतर 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आणि सहा सिंगल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच): लाईटचे दोन 6चे, प्लगचे दोन 16चे, पंपाचा 16चा, गिझरचा 20चा. पाऊस सुरू झाल्यापासून आरसीसीबी ट्रिप होतो, बहुतेक संध्याकाळी. सगळे एमसीबी खाली करूनही दोनदा झाला. वायरमन म्हणतो, आरसीसीबी बदला. बदलू का?

खारा वारा:
थांबा. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल मात्र लिंकवर (सगळ्या न्यूट्रल तारांची सामाईक पट्टी) जोडलेलाच राहतो. तुमचा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. संध्याकाळी गावात लोड वाढला की न्यूट्रलवर अर्थच्या तुलनेत दोन-चार व्होल्ट चढतात. वाटेतला एकूण रोध 50 ओहम धरला, तर 2 व्होल्टांनाही 40 मिलिअँपिअर जमिनीत जातात. आरसीसीबी त्याचं कामच करतोय.

मेन बंद करा. डीपीच्या मीटरकडच्या स्क्रूंवर तरीही 230 व्होल्ट असतात, तिकडे हात नको. टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने खात्री करा. मग न्यूट्रल लिंकवरची एकेक तार चिठ्ठी लावून सोडवा आणि प्रत्येक सुटी तार ते अर्थपट्टी ओहममध्ये मोजा. एरवी ओलाव्याची गळती शोधायला 500 व्होल्टांचा मेगर (इन्शुलेशन तपासायचा मीटर) लागतो (1 मेगाओहमच्या खाली आलं की संशय घ्यायचा), पण एमसीबी खाली असताना ट्रिप होण्याइतका दोष साध्या मीटरलाही दिसेल.

फेज_न्यूट्रल:
इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला मिळालाय का बघा. पण तो घोटाळा पावसाची वाट बघत नाही, म्हणून हे शेवटी.

धागाकर्ता:
इन्व्हर्टर नाही. वायरमनला बसवून मोजलं. पाच तारांवर मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे अर्थशी जोड नाही, लाईटच्या एका तारेवर 18 ओहम. त्याच लाईनवर फाटकाच्या लोखंडी खांबावरचा दिवा आहे.

खारा वारा:
मग तोच. खांबातला जोड उघडा. इन्शुलेशन टेप, हिरवी पडलेली तांब्याची तार आणि खारट चिखल सापडेल. टेपवर पुन्हा टेप नको. केबल नवीन टाका, जोड आयपी65 (धूळ-पाणी आत न येणाऱ्या) बॉक्समध्ये घ्या, केबल खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आत न्या. वरून नेलीत तर पाणी केबलवरूनच आत उतरतं.

बाहेरच्या दिव्यांना वेगळा 6 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा, न्यूट्रलही तोडणारा डबल पोल आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्या. तो मेन स्विचनंतर थेट जोडा आणि त्याचा न्यूट्रल घरातल्या लिंकवर आणू नका. आरसीसीबीच्या नंतर लावलात तर फाटकाच्या दोषाने घरही अंधारात जाऊ शकतं.

फेज_न्यूट्रल:
डीबी उघडलाच आहे तर न्यूट्रल लिंकचे स्क्रू आवळून घ्या. खाऱ्या हवेत तांबं गंजतं, ढिला स्क्रू तापतो, मग इन्शुलेशन काळं पडतं. काळं झालेलं टोक कापून नवीन सोला. गिझरची तार 4 चौरस मिमी आहे ना, तेही बघा. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अर्थिंग नसलं तरी चालतं, त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं धरू नका. जांभ्यात ते वेगळं मोजावंच लागतं, तेही मे महिन्यात, जमीन कोरडी असताना.