बडोद्यात घरासाठी प्लॉट: भायली, समा की वाघोडिया रोड?

वाड्यातला धाकटा

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातला आमचा वाडा अखेर वाटून झाला. जागा चुलतभावांनी ठेवली, मी पैसे घेतले आणि सध्या कारेलीबागेत भाड्याने राहतोय. आता घर बांधायचं आहे. फ्लॅट नको. आईला तुळस कुंडीत नाही, वृंदावनात हवी. बायकोची अट एकच: पाण्याची टाकी आपली असावी आणि तिचा व्हॉल्व्ह सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात नसावा.

तीन जागा नजरेत आहेत.

भायलीच्या पुढे एक प्लॉटिंगची स्कीम. दलाल ‘अठराशे फूट’ म्हणतो. कागद मागितले तर नेट अकराशेच्याही आत निघतं. बाकीचा म्हणे रस्त्यातला आणि कॉमन प्लॉटमधला माझा हिस्सा. फ्लॅटचा सुपर बिल्टअप ऐकला होता, मोकळ्या जमिनीचाही असतो हे नवीनच.

दुसरी समा-सावली रोडच्या आतल्या बाजूला, रीसेल. मालक परदेशात, भाव बराच कमी. मागून कांस (पावसाचं पाणी नदीकडे नेणारा नाला) जातो. दलालाचं म्हणणं, ‘अहो, हा कसला कांस, आठ महिने कोरडाच असतो.’

तिसरी वाघोडिया रोडला, हायवेच्या पलीकडे. अजून शेतच आहे. शेतकरी माणूस चांगला वाटला. आत्ता बानाखत (विक्रीचा लेखी करार) करा, बिनखेती (एनए) मी करून देतो, मग दस्तावेज (खरेदीखत) करू, असं म्हणतो. त्याच पैशात जागा तिथेच सगळ्यात मोठी मिळते, म्हणून मन तिकडे ओढतंय.

पुण्याचे मेहुणे रोज फोनवर गुंठेवारी, पीएमआरडीए असं काहीबाही सांगतात. इथे त्याचा उपयोग शून्य. बडोद्यात घर बांधलेल्यांनी सांगावं, आधी काय बघायचं? वास्तुशास्त्र सोडून सांगा, ते खातं सासऱ्यांकडे आहे.

मांजलपूरची सून

समा वाचूनच पोटात गोळा आला. २०२४ च्या जन्माष्टमीचा पूर विसरलात का? नणंद अकोट्याला राहते. तळमजल्याचं सगळं सामान गेलं, फ्रिज दिवाणखान्यात तरंगत होता. पाणी ओसरल्यावर गल्लीत मगर निघाली ती वेगळीच. कांसाजवळची जागा फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि हो, दस्तावेज एकट्या वहिनींच्या नावावर करा. स्टँप ड्यूटी ४.९ टक्के भरावीच लागते, पण खरेदीदार फक्त बाई असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे. दोघांची नावं घातलीत की ती सवलत गेली.

ओळंबा

धाकटे, तुम्ही भाव आणि फूट लिहिलेत. तिन्ही जागांची लेव्हल कुठेच नाही. माझं अख्खं आयुष्य साइटवर गेलं. बडोद्यात कुणी प्लॉट दाखवला की मी पहिलं विचारतो, रस्त्यापेक्षा किती वर की किती खाली? बाकी सगळं नंतर.

विश्वामित्री नदी पावागढाकडून येते. वर आजवा तलाव आहे, आणि आजवा भरला की ते पाणीही हिच्यातच येतं. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ २६ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३७ फुटांच्या वर गेली. एवढं पेपरात सगळ्यांनी वाचलंय. पण नदीपासून लांब राहणारी माणसं बुडतात ती कांसांमुळे. भूखी, मसिया, रूपारेल ही नावं ऐकली असतीलच. एरवी कांस आपल्या भागाचं पाणी नदीकडे नेतो. नदी तुडुंब भरली की कांसाचं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते तुंबतं, आणि नदी आणखी चढली तर उलटं वाहायला लागतं. म्हणून तुमच्या दलालाचं ‘आठ महिने कोरडा’ खरं असलं तरी निरुपयोगी आहे. प्रश्न उरलेल्या चार महिन्यांचा आहे. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल-रुंद करायचं काम झालं, चांगलंच झालं. पण मी तरी त्याच्या भरवशावर माझं जोतं ठरवणार नाही.

तर समाच्या प्लॉटवर जा आणि दलालाला सोबत नेऊ नका. शेजारपाजारच्या भिंती बघा. रंग नवा असेल तर मीटरच्या पेटीची मागची बाजू बघा, झाडाच्या बुंध्यावर गाळाची रेघ आहे का बघा, गेटच्या बिजागऱ्या कुठपर्यंत गंजल्यात ते बघा. कोपऱ्यावर इस्त्रीवाला असतो, त्याला विचारा. घरमालक आपल्या गल्लीचा भाव पडेल म्हणून बोलत नाही, इस्त्रीवाला बोलतो. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस पडला होता. तेव्हाचं आणि २०२४ चं पाणी वेगवेगळं विचारा. पहिलं आभाळातून पडून जागेवर साचलेलं, दुसऱ्यात नदीचा हात मोठा. जिथे दोन्ही वेळा पाणी भरलं तिथे मी तरी राहणार नाही.

लेव्हल मोजायला खाजगी सर्व्हेअर ऑटो लेव्हल घेऊन अर्ध्या दिवसात येऊन जातो. प्लॉटचे चार कोपरे, रस्त्याचा मध्य, कांसाचा काठ एवढं मोजून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, रस्ता दर डांबरीकरणाला चढतो. जुन्या सोसायट्यांत बघा, एके काळी तीन पायऱ्या चढून घरात जायचे, आता रस्त्यावरून खाली उतरतात. जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका, वीस वर्षांनंतरच्या रस्त्यावरून ठरवा.

आता माती. विश्वामित्रीच्या आसपास कोतरं (घळी) आहेत, वीटभट्ट्यांनी माती उचललेले खड्डे आहेत, आणि ते भरून प्लॉट पाडणारे लोकही आहेत. वरून सगळं सपाट, छान दिसतं. मालकाला विचारून एका कोपऱ्यात पुरुषभर खड्डा खणा. चार फुटांवर विटांचे तुकडे आणि गुटख्याची पाकिटं लागली तर ती जमीन देवाने केलेली नाही. अशा भरावावर साधा पाया टाकलात की घर एका अंगाला बसतं. भराव नसेल तर काळी की गोराडू (रेताड, भुसभुशीत) ते बघा. ओल्या मातीची हातावर सुतासारखी वळी होत असेल, मे महिन्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर ती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तिरक्या चिरा देते. म्हणून जागा सोडायची गरज नाही. अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल असतात, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले, साधारण साडेतीन मीटर खोल जाणारे. फक्त तो खर्च जमिनीच्या भावात धरा. स्वस्तातली काळी जमीन आणि महागडी गोराडू, पाया होईपर्यंत दोन्ही सारख्याच पडतात.

सासऱ्यांना नमस्कार सांगा. ईशान्येला उतार हवा असं ते म्हणतील. उतार कुठल्याही दिशेला असो, पाणी बाहेर जाणार कुठे ते त्यांना जरूर विचारा.

न्यायमंदिर कट्टा

ओळंबासाहेबांनी जमीन सांगितली, मी कागद सांगतो. इतकी वर्षं दस्तावेजांतच गेली आहेत.

वाघोडिया रोडचं डोक्यातून काढा. तुम्ही खेडूत खातेदार, म्हणजे नावावर शेतजमीन असलेले शेतकरी, आहात का? वाड्यातले माणूस, नसणारच. गुजरातमध्ये बिगरखेडुताला शेतजमीन घेता येत नाही, १९४८ च्या कुळकायद्याचं ६३ वं कलम. नुसती विक्रीच नाही, विक्रीचा लेखी करारही त्यात येतो. म्हणजे तुमच्या बानाखताला अर्थ नाही आणि पैसे मात्र गेलेले. माणूस चांगला असेल, त्याचे तीन भाऊ आणि लग्न झालेल्या दोन बहिणी तितक्याच चांगल्या आहेत का, ते ६ नंबरमध्ये (फेरफार नोंदवहीत) वारसाईच्या नोंदी काढून बघा. जमीन नव्या शरतीची (सरकारी अटींवर दिलेली) असेल तर सरकारला प्रीमियम भरल्याशिवाय बिनखेती होणारच नाही. आधी त्याने जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५ खाली बिनखेतीचा हुकूम आणावा, मग बोलणी.

७/१२ वर ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा बोजा तिथे असतो, आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. कोयलीची रिफायनरी, तेल, गॅस, यामुळे बडोद्याभोवती जमिनीखालून पाइपलाइनींचं जाळं आहे. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने त्या पट्ट्यावर कंपनीचा वापरहक्क असतो. जमीन तुमची, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाडसुद्धा लावता येत नाही. बांधावर इशाऱ्याचे खांब दिसले की सावध व्हा.

भायलीला एकच प्रश्न विचारा: स्कीमचा नकाशा मूळ सर्व्हे नंबरवर काढलाय की एफपीवर (फायनल प्लॉटवर)? १९७६ च्या नगररचना कायद्यात टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम पडली की सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा वगैरेसाठी ४० टक्क्यांपर्यंत कापतात आणि उरलेलं फायनल प्लॉट म्हणून परत देतात, कधी थोडं सरकवूनही. टीपी अजून ड्राफ्टवर असेल आणि दलालाने जुन्या क्षेत्रफळावर प्लॉट पाडले असतील, तर तुमच्या तुळशीवृंदावनातून रस्ता जाऊ शकतो. तुमचं सुपर-नेट प्रकरण गैर नाही, इथली पद्धतच आहे. पण भावाचा हिशोब नेट फुटांवर करा. आणि एकूण जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर रेराची नोंदणी लागते. तिथे चढवलेला नकाशा उतरवून घ्या आणि दलालाच्या रंगीत ब्रोशरशेजारी ठेवा.

हरणीकर

समावर सगळ्यांनीच काट मारली म्हणून लिहितोय. मीही कांसापासून फार लांब नाही. २०२४ ला पाणी माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, आत आलं नाही, कारण गल्ली उंचावर आहे. पुढच्याच गल्लीत कमरेएवढं होतं. नावावरून भाग बाद करू नका, गल्ली बघा. भायलीची ती जागा काही वर्षांपूर्वीचं शेत आहे. तिथलं पाणी कुठे जातं हे अजून तिथल्या पावसालाही ठाऊक नसेल.

ओळंबा

हरणीकरांचं बरोबर आहे. म्हणूनच लेव्हल मोजा म्हटलं.

वाड्यातला धाकटा

सगळ्यांचे आभार. काल समाला जाऊन आलो. शेजारच्या बंगल्याला पिस्ता रंग नुकताच दिलाय. मीटरच्या पेटीत वाकून बघितलं तर आतल्या पत्र्यावर गाळाची सरळ रेघ, माझ्या छातीएवढी. इस्त्रीवाला नव्हता, पण पंक्चरवाला होता. तो म्हणाला, २०१९ ला इथे घोटाभरच होतं, २०२४ ला कॉम्प्रेसर गेला. म्हणजे इथे आभाळाचं पाणी निघून जातं, नदीचं येतं, बरोबर ना? शिवाय प्लॉट रस्त्यापेक्षा खालीच वाटला, मोजायचीही गरज नाही. सोडला.

वाघोडिया रोडच्या शेतकऱ्याला बिनखेती आणा, मग बोलू असं कळवलं. ‘मग भाव हा नसेल’ म्हणाला. तेही खरंच.

भायलीच्या दलालाला एफपीबद्दल विचारलं तर आधी म्हणाला, ‘तुम्ही वकील आहात का?’ मग पार्ट प्लॅन (टीपीच्या नकाशातला त्या जागेपुरता भाग) व्हॉट्सॅपवर पाठवला. त्यावर एफपी नंबर आहे, शेजारी टीपीचा नंबर आहे, आणि माझ्या प्लॉटची मागची हद्द तुटक रेघेने दाखवलीय. बाकी प्लॉटना सलग रेघ आहे. या तुटक रेघेचा अर्थ काय?

न्यायमंदिर कट्टा

नकाशाखालची सूची बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. प्रस्तावित रस्ता, पाइपलाइनचा पट्टा, दोन टप्प्यांमधली हद्द, काहीही असू शकतं. पार्ट प्लॅनची प्रमाणित नक्कल काढा, व्हॉट्सॅपचा फोटो नको. तोपर्यंत टोकन देऊ नका. द्यावंच लागलं तर चेकने द्या आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर सर्टिफिकेट आलं नाही किंवा एफपीच्या क्षेत्रफळात फरक निघाला तर पूर्ण रक्कम परत. ‘परत’पुढे मुदतही लिहा, नाहीतर ते पैसे पुढच्या गिऱ्हाइकाच्या टोकनमधून मिळतील.

मांजलपूरची सून

आणि पावतीवर नाव वहिनींचंच घाला, आत्तापासून.