आयर्विन पुलावरची दोन मिनिटं
‘रोज तेच ते, दिवस कुठं गेला कळतच नाही’ असं बरेच जण म्हणतात. कालपरवापर्यंत माझंही हेच वाक्य होतं. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात अकरा वर्षं हिशेब लिहितोय. सौदा, तोलाई (वजनाची मजुरी), हमाली, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब). आकडे बदलतात, काम तेच.

मग नदीपलीकडच्या सांगलवाडीहून कामावर येताना मी दोन मिनिटं आयर्विन पुलावर (१९२९चा तो) सायकल थांबवून कृष्णेचं पाणी बघू लागलो. पावसाळ्यात इथं ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. आता थोडं चढलं तरी नजरेला कळतं.

दुकानातही तसंच लक्ष देतो. पट्टी देताना शेतकऱ्याला गाव, पीकपाणी विचारतो. परवा एक आजोबा पट्टी वाचून म्हणाले, “नातीच्या फीचं भागलं बघा.” ती बेरीज मी दोनदा तपासली होती. फार बरं वाटलं.