शब्दचर्चा: ऑनलाइन ‘पेटिशन’ला याचिका म्हणावं का?

सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान वाढावं म्हणून आम्ही काही वाचक राज्य सरकारकडे ऑनलाइन पेटिशन करतोय. मथळ्यात ‘याचिका’ लिहिलं होतं. शेजारच्या काकूंना सहीसाठी लिंक पाठवली, तर म्हणाल्या, “कोर्टाचं आहे का काही? मग माझं नाव नको गं.” आणखी दोघांनीही हेच विचारलं. शब्द चुकलाय का?

– चुकलाय. मूळ धातू ‘याच्’, म्हणजे मागणं. याचक, याचना, अयाचित ही त्याचीच भावंडं. त्या हिशेबाने याचिका कुणाकडेही करता यावी. पण शब्दाबरोबर कोणतं क्रियापद येतं ते बघा. याचिका दाखल होते, सुनावणीला येते, फेटाळली जाते. हे सगळं न्यायालयातलं. सरकारला आपण निवेदन देतो. मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो, शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देऊन येतं. ‘विद्’ म्हणजे जाणणं, निवेदन म्हणजे जाणीव करून देणं. त्यात हात पसरणं नाही, म्हणून मला तो शब्द जास्त जवळचा.

– मुंबईत मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला विरोध होत होता, तेव्हा हाच गोंधळ झाला होता. ऑनलाइन सह्या चालू होत्या आणि ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, “म्हणजे आपल्या सह्या वाया गेल्या?” त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला वृक्षतोड थांबवली. म्हणजे न्यायालयाने तसं मानलं, तेव्हा पत्राची याचिका झाली.

– पण निवेदन मंत्रीही सभागृहात करतात, रेडिओवरही असतं. आपल्या विधिमंडळात ‘विनंती अर्ज समिती’ आहे. तोच शब्द का नको?

– विधिमंडळाकडे जायचं असेल तर जरूर तोच. एरवी अर्ज म्हटलं की एकट्याचा वाटतो, रजेचा नाहीतर दाखल्याचा. शिवाय मंत्री निवेदन ‘करतात’, आपण ‘देतो’. तरी शंका नको असेल, तर ‘सह्यांचं निवेदन’ म्हणा.

– हे पटलं. मथळा बदलला: ‘ग्रंथालयांच्या अनुदानासाठी मुख्यमंत्र्यांना सह्यांचं निवेदन’. खाली ‘याचिकेत सहभागी व्हा’ होतं, तिथे नुसतं ‘सही करा’ केलंय. काकूंना आज पुन्हा पाठवते.