घरातली शिल्पं: तुमच्याकडे काय आहे, कुठे ठेवलंय, कसं सांभाळता? (अनुभव धागा)

पडदे, कुंड्या, भिंतीवरची चित्रं यावर आपलं भरपूर बोलून होतं पण शिल्पांवर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढतेय. माझ्या डोक्यात हे बसलं ते अलिबागजवळच्या सासवण्याला. पुण्याचा १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला त्या वि. पां. करमरकरांचं तिथे घर आहे, आता ते शिल्पालय आहे, अंगणात आणि आत त्यांची शिल्पं मांडलीत आणि आपण त्यांच्यामधून चालत जातो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की शिल्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नये, त्याच्या निदान तीन बाजू दिसल्या पाहिजेत आणि हात लावता आला पाहिजे. माझ्याकडे एक टेराकोटाची बाई आहे, मांडीवर सूप घेऊन बसलेली, ती मी खिडकीच्या बाजूला ठेवलीय, सकाळी तिच्या पाठीवर ऊन येतं तेव्हा ती वेगळीच दिसते. तुम्ही लिहा. महागडंच हवं असं काही नाही.

*

आमच्याकडे ढोकरा (पितळेचं ओतीव शिल्प) आहे, नवऱ्याची बदली छत्तीसगडमधल्या जगदलपूरला होती तेव्हा कोंडागावहून घेतलेला. नुसतं विकत घेऊन आलो नाही, करताना बघितलं, आणि बघितल्यावर किंमतीची घासाघीस करायची इच्छाच राहत नाही हो. आधी मातीचा गाभा करतात, मग मेणाच्या बारीक बारीक दोऱ्या ओढून त्यावर गुंडाळतात, सगळी नक्षी म्हणजे ती दोरीच, मग वरून परत मातीचे थर, भट्टीत घातलं की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पातळ झालेलं पितळ ओततात. शेवटी वरची माती फोडायची. साचा फुटला म्हणजे तसंच दुसरं परत होणार नाही. मोहेंजोदडोची ती जेमतेम चार इंचांची नर्तकी याच मेण-ओतकामातली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि हे लोक आजही तेच करतायत, मला तर तिथे उभं राहून भरून आलं होतं. बाजारात मशीनवर केलेले 'ढोकरा स्टाईल' तुकडे खूप मिळतात. ओळखायचं असेल तर जोडी शेजारी ठेवून बघा, दोन्ही हुबेहूब असतील तर मशीनच्या साच्यातले आहेत. पुसायला मी फक्त कोरडा टूथब्रश वापरते. फटींमधला काळेपणा काढून टाकला तर नक्षीच सपाट दिसते.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, पण रत्नागिरीत राहणाऱ्यांनी जरा वेगळं ऐका. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळेवर हिरवं चढतं, ते नुसत्या ब्रशने जात नाही. आमच्या घरी चिंच लावायची पद्धत आहे, समईला ठीक आहे ते, पण शिल्पाला मी लावू देत नाही कारण आंबट नक्षीत अडकून बसतं आणि परत हिरवं येतं. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, पावसाळ्याआधी मेणाचा अगदी पातळ हात. आणि संगमरवराला चिंच लिंबू व्हिनेगर काहीही लावू नका, आंबटाने तो दगड खाल्ला जातो, चकाकी गेली की पॉलिशवाल्याशिवाय येत नाही.

*

बांकुड्याचा (बंगालमधला टेराकोटाचा) घोडा घेणाऱ्यांसाठी एक छोटी टीप. त्याचे कान आणि शेपूट वेगळे करून नंतर खोचलेले असतात, त्यामुळे प्रवासात ते काढून कपड्यात गुंडाळून आणता येतात. आम्ही कोलकात्याहून ट्रेनने तसाच आणला, काही झालं नाही.

*

मी नागपूरचा. आमच्या घरात बुद्धमूर्ती आहे आणि बाबासाहेबांचा अर्धपुतळाही आहे, दोन्ही वडिलांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आणलेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा तिथे होते, त्यामुळे घरात या मूर्तींची जागा आधी ठरते मग सोफा कुठे ते बघतो. मला मनापासून सांगायचंय की बुद्ध 'पीसफुल दिसतो' म्हणून चपलांच्या रॅकवर, बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा बारच्या काउंटरवर ठेवतात ते बघून फार त्रास होतो. नुसतं डोकं कापून ठेवलेला शोपीस तर बघवत नाही. थायलंडमध्ये तर बुद्ध डेकोरेशनसाठी नाहीत असे मोठे बोर्ड लावलेत पर्यटकांसाठी. ठेवू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर ठेवा, पण उंचावर, स्वच्छ जागी, आणि मुद्रा कुठली आहे ते समजून घ्या. जमिनीला हात लावलेला बुद्ध म्हणजे बोधिप्राप्तीचा क्षण, छातीजवळ दोन्ही हातांची बोटं जुळलेली म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. आमच्या मुलीने हे शाळेच्या आधी घरातल्या मूर्तीवरूनच शिकलं. आम्ही रोज संध्याकाळी मूर्तीसमोर वंदना घेतो.

*

नागपूरच्या दादांचं पटलं, आमच्याकडचं डोकं मी आजच एंट्रन्समधून हलवते.

*

मुलुंड, वन बीएचके, दोन लहान मुलं, तरीही शिल्पं आहेत! उंच स्टुलासारखा लाकडी स्टँड करून घेतला, त्याच्या तळात वाळूच्या पिशव्या टाकल्या म्हणजे धक्का लागला तरी आडवा होत नाही, आणि शिल्पाच्या तळाला म्युझियम पुट्टी (वस्तू जागेवर धरून ठेवणारा चिकट लगदा) लावली. लाइटचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्या. समोरून ट्यूबलाइट पडली की चेहरा पिठासारखा सपाट होतो, एका बाजूने वरून तिरका पिवळसर स्पॉट टाका आणि मग बघा नाक, ओठ, कपड्याच्या चुण्या कशा वर येतात. नवीन काही विकत घ्यायच्या आधी आहे त्याच शिल्पावर टॉर्च फिरवून बघा, मी तसंच करते.

*

महाबलीपुरमला दगडाचं काम बघून सगळ्यांनाच मोह होतो, मला पण झाला. ग्रॅनाइट एक घनफूट म्हणजे साधारण पंचाहत्तर किलो हे आधी डोक्यात ठेवा. फ्लॅटच्या स्लॅबला साधारण एका चौरस मीटरला २०० किलोचा हिशेब धरतात, त्यामुळे मोठं काही ठेवायचं असेल तर इंजिनिअरला विचारून, खोलीच्या मधोमध नाही तर बीमच्या जवळ. आम्ही फूटभर नंदी घेतला आणि बाल्कनीत न ठेवता आत भिंतीशी ठेवला. गरमीच्या दुपारी तो गार असतो, माझी सासूबाई येताजाता त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, त्यांना आता नीट दिसत नाही पण कारागिराने गळ्यातली घंटा कुठे कोरलीय ते त्यांनी मला सांगितलं, माझं लक्षच गेलं नव्हतं.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे आणायचं असेल तर बिलावर वस्तू, धातू, कारागीर किंवा दुकान आणि नवीन बनावटीची आहे हे स्पष्ट लिहून घ्या. जुनाट दिसणारं काही असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधीच घ्या, एअरपोर्टवर समजावत बसू नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि भारतातसुद्धा घरात असेल तर नोंदणी करावी लागते. वाड्यात जुनं काही असणाऱ्यांनी हे बघून घ्या.

*

यालाच जोडून लिहितो, सातारा जिल्ह्यातला आहे. आमच्या गावाबाहेर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) आहेत, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवपिंडीसमोर हात जोडून बसलेला. एकाने फार्महाऊसच्या लॉनसाठी मागितले, पैसेही चांगले देत होता. गावाने दिले नाहीत. आम्ही पोरांनी ते झाडीतून काढून देवळाशेजारी ओट्यावर उभे केले. ते आमच्या माणसांचे दगड आहेत, लॉनवर कशाला? ज्यांना काळ्या दगडाचं काही हवंय त्यांनी पाथरवटाकडे जा, जिवंत माणसाला काम द्या. मी आमच्या दारातलं तुळशीवृंदावन तसंच घडवून घेतलं, वेळ लागतो कारण बेसाल्ट फार कठीण, छिन्नीला सारखी धार लावावी लागते, पण कोनाड्यात दिवा लावायची जागा कुठे, पाणी कुठून जाणार, हे सगळं त्याच्याशी बसून ठरवता आलं.

*

लाकडाच्या शिल्पाला कीड लागली तर काय करायचं असं कुणीतरी विचारलं होतं म्हणून घाईत लिहिते. शिल्पाच्या खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा लागलाय. आधी ते बाकी फर्निचरपासून लांब न्या, मग भोकांत सिरिंजने भुंग्याचं (बोररचं) औषध सोडा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा. पीठ झाडून त्या जागी कागद पसरा, नवीन पडतंय का ते त्यावर कळतं. एसीच्या थेट झोतासमोर लाकूड ठेवू नका, तडे जातात.