सुती कॅनव्हासला मेणाआधी पाणी
घरी शिवलेल्या तंबूत पाणी झिरपू नये म्हणून मेणाचा लेप सुचवला जातो, पण कापड सुती असेल तर आधी ते नुसतं भिजवा. तंबू उभा करून पाणी मारायचं, उन्हात खडखडीत वाळू द्यायचं, असं दोन-तीनदा. सुती धागा पाण्याने फुगतो आणि विणीतली, सुईची बारीक भोकं बुजतात. म्हणून दोराही जाड सुतीच घ्या. कडा एकमेकींत दुमडून डबल टीप हवी. घरच्या मशीनला एवढे पदर झेपत नाहीत, ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्या.

4 मीटर कापड मधोमध दोरीवर टाकून तळाशी 2 मीटर रुंदी ठेवली की उंची साधारण 1.7 मीटर मिळते, पाणीही झरझर निथळतं. आयलेटखाली, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांखाली, कापडाचा जादा तुकडा घालाच, सह्याद्रीच्या पठारावरचा वारा तिथूनच फाडतो. ओला तंबू मात्र घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते.