फॉस्टर केअर आणि मानसिक उपचार एकत्र देणाऱ्या संस्थांना दरमहा पैसे द्यावेत का? (ठाणे-नवी मुंबई)

पाचपाखाडीकर
मंडळाच्या शिल्लक निधीचं काय करायचं यावर आमच्याकडे नेहमीचाच ठराव आला: बालगृहात फराळ आणि कपडे वाटू. मी विरोध केला. माझ्या मते तो पैसा फॉस्टर केअर (मूल दत्तक न घेता दुसऱ्या कुटुंबानं काही काळ सांभाळणं) आणि मानसिक उपचार एकत्र देणाऱ्या संस्थेला द्यावा, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

बालगृहातल्या काही मुलांनी मार खाल्लेला असतो, लैंगिक अत्याचार सोसलेला असतो. काहींना दोन-तीनदा टाकून दिलेलं असतं. असं मूल उशीखाली पोळ्या लपवतं, रात्री किंचाळत उठतं, जवळ येणाऱ्याला बोचकारतं. त्याला घर हवं आणि उपचारही हवेत, दोन्ही एकाच वेळी. पन्नास खाटांच्या खोलीत ते होत नाही आणि नुसत्या प्रेमळ कुटुंबालाही ते पेलत नाही.

अमेरिकेत ओरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी 1983 च्या सुमारास यावर एक पद्धत उभी केली. एका घरात एकच मूल. पालकांना आधी प्रशिक्षण. संस्थेचा माणूस त्यांना रोज फोन करून आज काय काय घडलं ते विचारतो. मुलाचा समुपदेशक वेगळा, कुटुंबाचा वेगळा, आणि अडीअडचणीला चोवीस तास कुणीतरी फोनवर. साधारण सहा ते नऊ महिने हे चालतं. त्याच काळात मुलाच्या सख्ख्या आईवडिलांनाही शिकवतात, म्हणजे मूल परत गेलं तर पुन्हा तेच घडू नये.

आपल्याकडे बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये फॉस्टर केअर आहे. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही मूल सांभाळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात. त्यात शाळा, दूध, कपडे भागतील, पण समुपदेशकाची फी, सामाजिक कार्यकर्त्याचा पगार, रात्रीचा फोन यांचं काय? देणगीदार नेमके हेच खर्च टाळतात, कारण पगारासोबत फोटो काढता येत नाही. माझं म्हणणं एवढंच: पैसे पगारालाच द्या.

सानपाडावासी
ठाम असहमत. संस्थांमधल्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरात दारू, आजारपण किंवा नुसती गरिबी, म्हणून मूल संस्थेत येतं. राज्याच्या बाल संगोपन योजनेत अशा घराला मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. त्यात घणसोलीच्या चाळीतली विधवा बाई दोन मुलं कशी वाढवणार? तुमच्या एका मुलामागच्या पथकाचा पगार चार आयांना दिला, तर चार मुलं स्वतःच्या आईजवळ राहतील. परक्या घराला पोसण्याआधी मुलाचं स्वतःचं घर वाचवा.

शिवाय आपल्या कायद्यात फॉस्टर केअर आहे, पण ‘उपचारांसह’ असा वेगळा प्रकार नाही. उद्या कुणीही पाटी लावेल. तपासणार कोण?

पाचपाखाडीकर
गरिबीमुळे आलेल्या मुलाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. त्याच्या आईलाच पैसे द्यावेत. पण पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणात आरोपी घरातलाच असेल तर? अशा मुलांचे निर्णय घेणारी बाल कल्याण समिती त्या मुलीला त्या घरी पाठवणार नाही, आणि पाठवूही नये. मग तिला अठरा वर्षांची होईपर्यंत संस्थेतच ठेवायचं का? मी फक्त अशा मुलांबद्दल बोलतोय. ती थोडीच असतील, पण सगळ्यांत जास्त दुखावलेली तीच आहेत.

निवृत्त मुख्याध्यापिका, कळवा
माझा आक्षेप पैशाचा नाही, त्या नऊ महिन्यांचा आहे. शाळेत अशी मुलं मी पाहिली आहेत. नव्या बाईंवर विश्वास टाकायलाच त्यांना अर्धं वर्ष लागतं. कुठे ‘काकू’ म्हणायला लागलं, की उपचार संपले म्हणून पुन्हा बिऱ्हाड हलवायचं? निदान बालगृहातल्या ताई वर्षानुवर्षं त्याच असतात. आणि त्या घरातल्या स्वतःच्या मुलांचा विचार कुणी केलाय का? आईचा सगळा वेळ पाहुण्या मुलाकडे गेला, की तीही आतून कुढतात. त्यांचं ऐकायला तुमच्या पथकात कुणी आहे?

वाशी_समुपदेशक
बाईंचा पहिला मुद्दा खरा आहे. जागा बदलली की मुलाला जखम होतेच. म्हणूनच मूल पुढे कुठे जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरवत न्यायचं असतं.

पण बालगृह त्यामानाने सुरक्षित, हे मला मान्य नाही. रोमानियात बुखारेस्टला 2000 नंतर संस्थांमधल्या 136 बाळांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी कुटुंबांत दिली. बुद्धीची वाढ आणि माणसाशी जोडलं जाणं या दोन्हींत कुटुंबातली मुलं पुढे गेली, दोन वर्षांच्या आत गेलेली तर विशेष. तिथे फॉस्टर केअर जवळपास नव्हतंच. प्रकल्पानं स्वतः कुटुंबं निवडली, त्यांना पैसे दिले, आणि सामाजिक कार्यकर्ते सतत घरी जात राहिले. कुटुंबाला असं कुणी धरून ठेवलं नाही, की मूल महिन्या-दोन महिन्यांत परत येतं. बाईंना भीती वाटते ती मोडतोड बहुतेक वेळा अशा आधाराविना सोडलेल्या घरांतली असते.

तपासणीबद्दल: कलम 44 प्रमाणे समितीनं प्रत्येक फॉस्टर कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची आहे. समितीत अध्यक्ष धरून पाच जण, आणि ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका. मीरा रोडच्या घरी महिन्याला कोण पोचणार, आणि बेलापूरच्या घरी? संस्थेची माणसं हवीत ती इथे.

सानपाडावासी
मग सरकारनं माणसं नेमावीत! कायदा सरकारचा, जबाबदारी सरकारची. आपण पगार भरत राहिलो तर रिकाम्या जागा रिकाम्याच राहतील. आणि देणगीचा काय भरवसा? कंपनीचा सीएसआर (समाजकार्याचा निधी) एखाद्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी विषय बदलतो, मग झाडं लावायची. मुलाचे उपचार मध्यावर असताना समुपदेशक गेला तर ते मूल आणखी एकदा टाकलं गेलं. हे तुम्हाला चालेल?

खारघर_सेक्टर
आम्ही नवरा-बायको फॉस्टर पालक व्हायचा विचार करतोय, म्हणून लिहिते. (खारघर रायगड जिल्ह्यात येतं. इथल्यांनी ठाण्याकडे नाही, रायगडच्या बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करायची.) आमची अडचण पैशाची नाही. रात्री दोनला मूल डोकं भिंतीवर आपटायला लागलं तर मी कुणाला फोन करू? सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस 14416 आहे, पण तिथल्या माणसाला हे मूल माहीत नसतं. मुलाला ओळखणारं कुणीतरी त्या फोनवर असेल तर आम्ही उद्या अर्ज करू. नसेल तर हिंमत होत नाही, आणि अर्धवट सोडून देणं तर त्याहून वाईट.

पाचपाखाडीकर
@खारघर_सेक्टर, मी ज्या पगाराबद्दल बोलतोय तो नेमका या फोनचा.

@सानपाडावासी, सरकारनं माणसं नेमावीत हे बरोबरच, त्यासाठी निवेदन द्या, पहिली सही माझी. पण आज बारा वर्षांची असलेली मुलगी जागा भरल्या जाईपर्यंत थांबू शकत नाही. मध्येच पैसा आटण्याची भीती मात्र खरी आहे, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मंडळात मी आता असं मांडणार: एकदम मोठी रक्कम नको. घरटी छोटी वर्गणी, तीन वर्षांसाठी लेखी, आणि ती एकाच कार्यकर्त्याच्या पगाराला बांधलेली. मुलाला भेटायचा आग्रह नाही, नाव विचारायचं नाही, फोटो नाही. कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हाच आहे. हिशेब मागायचा तो एवढाच, की एका कार्यकर्त्यामागे किती घरं आहेत आणि वर्षात किती मुलं मध्येच परत आली.

निवृत्त मुख्याध्यापिका, कळवा
त्यात एक विचारा: परत आलेल्या मुलाला पुन्हा त्याच समुपदेशकाकडे नेतात का? आणि घरातल्या मुलांशी कोण बोलतं?

सानपाडावासी
तीन वर्षांचं लेखी असेल तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा तसाच. तुमच्या वर्गणीतला काही भाग मुलीच्या आईसाठी वेगळा ठेवा. आरोपी घरात असतो तिथे बहुतेक वेळा आईचंही छप्पर जातं. तिला भाड्याची खोली आणि काम मिळालं तर त्या मुलीला परक्या घराची गरजही कदाचित वर्षभरच लागेल. हे मान्य असेल तर सांगा, वर्गणीत माझंही घर धरा.